संगणकीय शर्यत-खेळाच्या स्टिअरिंग चक्रातील कोनसंवेदकाची परिशुद्धता : तत्त्वे, दोष आणि ग्रामीण प्रयोगशाळेत शक्य असलेल्या सुधारणा
(विशेष संदर्भ : दरेकसा, जि. गोंदिया)

सारांश

संगणकावरील मोटारशर्यतीच्या खेळात वापरले जाणारे स्टिअरिंग चक्र हे मूलतः कोनमापनाचे उपकरण होय. चक्र किती अंशांतून फिरले हे मोजून ती संख्या संगणकाकडे पाठविणे एवढेच त्याचे कार्य असले, तरी या मापनातील अल्पशा त्रुटीमुळे पडद्यावरील वाहन सरळ मार्गावरही डळमळू लागते. प्रस्तुत लेखात या चक्रातील संवेदकांचे प्रकार, त्यांच्यातील त्रुटींची कारणे आणि परिशुद्धता वाढविण्याचे यांत्रिक, विद्युत व संगणकीय उपाय यांचे विवेचन केले आहे. दरेकसासारख्या बाजारपेठेपासून दूर असलेल्या ठिकाणी मर्यादित साधनांच्या साहाय्याने ही सुधारणा कशी करता येईल व तिची तपासणी कशी घेता येईल, याचाही विचार केला आहे. विभेदनक्षमता म्हणजे परिशुद्धता नव्हे आणि परिशुद्धता म्हणजे अचूकता नव्हे, हा मापनशास्त्रातील मूलभूत भेद या साध्या उपकरणाच्या आधारे विद्यार्थ्यांना स्पष्ट करून देता येतो, हे या लेखाचे प्रमुख प्रतिपादन आहे.

बीजसंज्ञा : कोनसंवेदक, पोटेन्शिओमीटर, हॉल परिणाम, एन्कोडर, विभेदनक्षमता, परिशुद्धता, अंशशोधन.

१. प्रस्तावना

गोंदिया जिल्ह्याच्या सालेकसा तालुक्यातील दरेकसा हे महाराष्ट्र व छत्तीसगढ यांच्या सीमेलगतचे, डोंगर व अरण्य यांनी वेढलेले गाव आहे. हावडा-नागपूर-मुंबई या लोहमार्गावरील स्थानक, जवळचा हाजरा धबधबा आणि गोंडी समाजाचे श्रद्धास्थान असलेल्या कचारगडच्या गुहा यांमुळे या परिसराचे नाव परिचित आहे. अशा ठिकाणी संगणक पोहोचला, तरी त्याला जोडण्याच्या उपकरणांची दुरुस्ती सहजपणे होत नाही. एखादे उपकरण बिघडले की ते अडगळीत टाकणे अथवा नागपूरच्या सीताबर्डीसारख्या बाजारातून नवे आणणे, हेच दोन पर्याय सामान्यतः समोर असतात. उपकरणाचे अंतरंग समजून घेऊन ते पूर्वीपेक्षा चांगले करणे हा तिसरा पर्याय बहुधा दुर्लक्षित राहतो.

शर्यत-खेळाचे स्टिअरिंग चक्र या तिसऱ्या पर्यायासाठी अत्यंत अनुकूल असे उदाहरण आहे. त्यात यंत्रशास्त्र, विद्युतशास्त्र, इलेक्ट्रॉनिक्स, संगणकशास्त्र आणि सांख्यिकी या पाचही विषयांचा संगम होतो. शिवाय त्यास केवळ करमणुकीचे साधन मानणेही उचित नाही. २००८ मध्ये निस्सान व प्लेस्टेशन यांनी सुरू केलेल्या ‘जीटी अकॅडमी’ या उपक्रमातून खेळातील निपुण स्पर्धकांना प्रत्यक्ष शर्यतीत उतरविण्यात आले. पहिला विजेता स्पेनचा लुकास ओर्दोनेझ हा पुढे २०११ मध्ये ले मान्सच्या चोवीस तासांच्या शर्यतीत आपल्या वर्गात दुसऱ्या क्रमांकावर आला. वाहनचालक प्रशिक्षणासाठीही सिम्युलेटरचा वापर होतो. तेथे चक्राचे मापन सदोष असल्यास शिकाऊ चालकाच्या हातास चुकीची सवय लागते. ती सवय तो पुढे खऱ्या रस्त्यावर घेऊन जातो, हे ध्यानात घेतले म्हणजे या विषयाचे गांभीर्य लक्षात येते.

शाफ्टचा कोन अचूक मोजण्याचा प्रश्न महाराष्ट्रातील विज्ञानसंशोधनाला नवा नाही. पुणे जिल्ह्यातील खोडद येथील महाकाय मीटरतरंग रेडिओ दुर्बिणीत, म्हणजेच जीएमआरटीमध्ये, ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना आहेत. प्रत्येक अँटेना आकाशातील इष्ट बिंदूकडे वळविताना तिच्या अक्षावरील एन्कोडर कोन सांगत असतो. त्या अँटेनाचा अक्ष आणि खेळातील चक्राचा अक्ष यांत आकारमानाचे व किमतीचे प्रचंड अंतर असले, तरी मापनाचे तत्त्व समानच आहे.

२. तीन संज्ञांतील भेद

उपकरणांच्या जाहिरातींत ‘इतक्या बिटचा संवेदक’ असा उल्लेख ठळकपणे केलेला असतो. तो वाचून चक्र तितकेच अचूक आहे असा समज होतो. हा समज दूर करण्यासाठी तीन संज्ञा स्पष्ट करणे आवश्यक आहे.

(अ) विभेदनक्षमता : उपकरण ज्या लहानात लहान बदलाची वेगळी नोंद करू शकते, तो बदल. १० बिटचा रूपांतरक पूर्ण कक्षेचे १०२४ भाग पाडतो, १२ बिटचा ४०९६ आणि १६ बिटचा ६५,५३६.

(आ) परिशुद्धता : चक्र त्याच स्थितीत पुनःपुन्हा आणले असता येणाऱ्या वाचनांचा परस्परांशी असलेला मेळ. वाचने जितकी एकमेकांजवळ, तितकी परिशुद्धता अधिक.

(इ) अचूकता : वाचनांची सरासरी प्रत्यक्ष कोनाच्या किती जवळ आहे, याचे माप.

घरातील भिंतीवरचे घड्याळ दररोज नेमके पाच मिनिटे पुढे असेल, तर ते परिशुद्ध आहे, पण अचूक नाही. त्याला सेकंदकाटा बसविला तर विभेदनक्षमता वाढेल, परंतु पाच मिनिटांची चूक तशीच राहील. स्टिअरिंग चक्राच्या बाबतीत परिशुद्धतेचे महत्त्व विशेष आहे. स्थिर स्वरूपाची चूक चालकाचा हात सवयीने सांभाळून घेतो, मात्र दर क्षणी बदलणारी चूक कोणत्याही सवयीने सांभाळता येत नाही.

३. एका पायरीचे रस्त्यावरील मोल

मापनातील एका पायरीचा परिणाम किती, हे एका साध्या गणिताने दाखविता येते. एखादे चक्र एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत ९०० अंश फिरते आणि त्याच्या संपूर्ण कक्षेचे १०२४ भाग पडतात असे मानू. तेव्हा एक पायरी सुमारे ०.८८ अंशाची होते. मोटारीतील स्टिअरिंगचे गुणोत्तर १५ : १ धरल्यास पुढील चाकांचा कोन प्रत्येक पायरीस ०.०५९ अंशाने, म्हणजे सुमारे ०.००१०२ रेडियनने बदलेल. दोन आसांमधील अंतर २.५ मीटर असेल, तर मार्गाची वक्रता दर मीटरला ०.०००४१ इतकी होते. वाहनाचा वेग ताशी १८० किलोमीटर, म्हणजे सेकंदाला ५० मीटर असताना या वक्रतेमुळे निर्माण होणारे पार्श्वत्वरण सेकंदवर्गास सुमारे १.०२ मीटर येते. हे गुरुत्वत्वरणाच्या जवळजवळ एक दशांश आहे. एका सेकंदात वाहन सुमारे अर्धा मीटर बाजूला सरकेल.

टायरचे घसरणे व वाहनाचे निलंबन यांचा विचार या गणितात केलेला नाही. प्रत्यक्षात परिणाम याहून काहीसा कमी असतो. तथापि प्रमाणाची कल्पना येण्यास हे गणित पुरेसे आहे. चालकाने हात मुळीच न हलविता संवेदकाचे वाचन एका पायरीने वर-खाली होत राहिले, तर वाहन सरळ रस्त्यावर का डळमळते, याचे उत्तर येथे मिळते. याउलट चक्राच्या शाफ्टवर थेट बसविलेला, एका फेरीचे ४०९६ भाग पाडणारा संवेदक वापरल्यास पायरी ०.०८८ अंशाची होते आणि वरील सर्व परिणाम एक दशांशावर येतात. अर्धा मीटरच्या जागी पाच सेंटिमीटर उरतात.

४. संवेदकांचे प्रकार व त्यांचे गुणदोष

४.१ पोटेन्शिओमीटर

स्वस्त चक्रांत बहुधा कार्बनपट्टीचे पोटेन्शिओमीटर असते. शाफ्ट फिरला की धातूचा स्पर्शक कार्बनपट्टीवरून सरकतो व विद्युतदाबाची विभागणी बदलते. रेडिओच्या आवाजाच्या बटणात असतो तोच हा घटक होय. जुन्या रेडिओचे बटण फिरविताना जी खरखर ऐकू येते, तीच खरखर स्टिअरिंग चक्रात वाचनाच्या उड्यांच्या रूपाने प्रकट होते. पट्टीची झीज, धूळ आणि दमट हवेत स्पर्शबिंदूवर चढणारा थर ही तिची मुख्य कारणे आहेत. चक्राचा वापर मध्यस्थितीच्या आसपास सर्वाधिक होत असल्याने झीजही तेथेच सर्वाधिक होते. जेथे परिशुद्धतेची सर्वाधिक गरज असते, नेमकी तीच जागा सर्वात आधी निकामी होते.

पोटेन्शिओमीटर बदलताना तीन गोष्टी पाहणे आवश्यक आहे. पहिली, ते रेषीय असावे. आवाजाच्या नियंत्रणासाठी केलेले लघुगणकीय पोटेन्शिओमीटर येथे चालत नाही. दुसरी, त्याचा रोध सुमारे १० किलोओहम असावा. स्वस्त चक्रांत कधी कधी १०० किलोओहमचे पोटेन्शिओमीटर आढळते. मध्यस्थितीत त्याचा उगमरोध २५ किलोओहमपर्यंत जातो, तर बहुप्रचलित एटीमेगा मालिकेतील मायक्रोकंट्रोलरचा रूपांतरक सुमारे १० किलोओहम अथवा त्याहून कमी उगमरोधासाठी योजलेला आहे. तिसरी, त्याची फिरण्याची कक्षा. साधे पोटेन्शिओमीटर सुमारे २७० ते ३०० अंश फिरते. ९०० अंशांच्या चक्रासाठी त्यास दातेरी चाकांनी गती कमी करून जोडावे लागते.

येथे एक सर्वसामान्य गैरसमज नोंदविणे उचित ठरेल. दहा फेऱ्यांचे पोटेन्शिओमीटर थेट शाफ्टवर बसविले की परिशुद्धता वाढेल, असे अनेकांना वाटते. प्रत्यक्षात त्याची एकूण कक्षा ३६०० अंशांची असते. चक्र ९०० अंशच फिरत असल्याने तिचा चौथा भागच वापरला जातो. १० बिटच्या रूपांतरकाच्या १०२४ पायऱ्यांपैकी केवळ २५६ हाती लागतात व एक पायरी सुमारे ३.५ अंशांची होते. घटक महाग झाला, परंतु मापन पूर्वीपेक्षा चौपट खरबरीत झाले. संवेदकाची कक्षा व गरजेची कक्षा यांचा मेळ घातल्याविना घटकाच्या किमतीस अर्थ नाही, हा धडा यातून मिळतो.

४.२ हॉल परिणामावर आधारित चुंबकीय संवेदक

विद्युतप्रवाह वाहणाऱ्या पट्टीस काटकोनात चुंबकीय क्षेत्र लावले असता पट्टीच्या दोन कडांमध्ये विद्युतदाब निर्माण होतो, हे एडविन हॉल याने १८७९ मध्ये अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात दाखविले. या परिणामावर आधारित संवेदकात स्पर्श नसल्याने झीजही नाही. शाफ्टच्या टोकावर व्यासाच्या दिशेने चुंबकित केलेली चकती बसवितात आणि तिच्यासमोर अल्प अंतरावर संवेदक-चिप ठेवतात. चिप क्षेत्राचे परस्परांशी काटकोनात असलेले दोन घटक मोजते व त्यांच्या गुणोत्तरावरून कोन काढते. गुणोत्तर घेतले जात असल्याने उष्णतेने चुंबक काहीसा क्षीण झाला तरी कोनात फारसा फरक पडत नाही. विदर्भातील उन्हाळ्याच्या दृष्टीने हा गुण विशेष मोलाचा आहे. २०११ च्या सुमारास आलेल्या थ्रस्टमास्टरच्या टी५०० आरएस या चक्रात १६ बिटचा चुंबकीय संवेदक हेच प्रमुख वैशिष्ट्य होते.

हौशी तंत्रज्ञांत ‘एएस५६००’ ही १२ बिटची चिप विशेष लोकप्रिय आहे. तिची विभेदनक्षमता ०.०८८ अंश आहे. मात्र उत्पादकाच्या माहितीपत्रकात रेषीयतेतील त्रुटी एक अंशापर्यंत असू शकते असे नमूद आहे. म्हणजे पायरी ०.०८८ अंशाची, परंतु कोनातील चूक तिच्या अकरापट असू शकते. दुसऱ्या विभागातील भेदाचे याहून स्पष्ट उदाहरण मिळणे कठीण आहे. ही त्रुटी मात्र ठरावीक स्वरूपाची असते. चुंबक शाफ्टच्या केंद्रापासून सरकलेला असणे, दोन घटकांच्या संवेदनशीलतेत फरक असणे अशा कारणांनी ती प्रत्येक फेरीत एकदा अथवा दोनदा चढ-उतार दाखविते. ठरावीक असल्यामुळे ती सारणीच्या साहाय्याने वजा करता येते. यादृच्छिक त्रुटीच्या बाबतीत ही सोय नसते.

या चिपची एक मर्यादाही ध्यानात ठेवावी लागते. ती एका फेरीतीलच कोन सांगते. ९०० अंशांच्या चक्रात अडीच फेऱ्या होतात, तेव्हा कितवी फेरी चालू आहे याचा हिशेब मायक्रोकंट्रोलरमधील आज्ञावलीने ठेवावा लागतो. वीज सुरू होताना चक्र मध्यस्थितीत असणे त्यासाठी आवश्यक ठरते. तसेच फोर्स फीडबॅकची मोटर, तिचे चुंबक व जवळचे लोखंडी भाग यांपासून संवेदक दूर ठेवावा लागतो.

४.३ प्रकाशीय एन्कोडर

फटी असलेली चकती प्रकाशकिरणाच्या मार्गात फिरवून स्पंद मोजणे, हे या संवेदकाचे तत्त्व होय. २००६ मध्ये आलेल्या लॉजिटेकच्या जी२५ या ९०० अंशांच्या चक्रात याच प्रकारचा संवेदक वापरला होता. बाजारात सहज मिळणारा एन्कोडर एका फेरीत ६०० स्पंद देतो. एकमेकांपासून पाव आवर्तनाने सरकलेल्या दोन वाहिन्यांच्या सर्व कडा मोजल्यास ही संख्या २४०० होते, म्हणजे एक पायरी ०.१५ अंशाची. एन्कोडर १ : ३ अशा प्रमाणात अधिक वेगाने फिरविल्यास पायरी ०.०५ अंशावर येते. मात्र हा संवेदक केवळ बदल सांगतो, स्थान सांगत नाही. म्हणूनच अनेक चक्रे संगणकास जोडताक्षणी स्वतःहून दोन्ही टोकांपर्यंत फिरून मध्य शोधतात. धुळीने फट बुजल्यास अथवा एखादा स्पंद निसटल्यास मध्यस्थिती हळूहळू सरकत जाते.

५. परिशुद्धता वाढविण्याचे उपाय

५.१ यांत्रिक उपाय

सुधारणेचा आरंभ नेहमी यंत्रभागापासून करावा. शाफ्ट आणि संवेदक यांच्यामध्ये ढिलाई, म्हणजे कारागीर ज्याला ‘प्ले’ म्हणतात ती असेल, तर संवेदक कितीही उत्तम असला तरी त्याचा उपयोग होत नाही. गती कमी करून पोटेन्शिओमीटर जोडले असल्यास ही ढिलाई अधिकच जाचक होते. ९०० अंशांचे २७० अंशांत रूपांतर करणाऱ्या जोडणीत पोटेन्शिओमीटरच्या शाफ्टवरील अर्ध्या अंशाची ढिलाई चक्रावर सुमारे १.६७ अंशांची होते. म्हणून शक्य तेथे संवेदक थेट शाफ्टवर बसवावा. दातेरी चाके अपरिहार्य असतील, तर हलक्या स्प्रिंगच्या ताणाने दाते एकाच बाजूस टेकून राहतील अशी व्यवस्था करावी. शाफ्टला दोन बेअरिंगचा आधार असावा, अन्यथा चक्र दाबले असता चुंबक व चिप यांतील अंतर बदलते.

भंगारातून मिळालेल्या मोटारीचे स्टिअरिंग वापरण्याची कल्पना उपयुक्त आहे. परंतु त्यात एअरबॅग असल्यास ती जाणकाराकडून काढून घेतल्याशिवाय त्यास हात लावू नये. तिच्यात स्फोटक द्रव्य असते.

५.२ विद्युत उपाय

पोटेन्शिओमीटरचा विद्युतदाब व रूपांतरकाचा संदर्भदाब एकाच ठिकाणाहून घेतल्यास पुरवठ्यातील चढ-उतारांचा परिणाम आपोआप नाहीसा होतो, कारण मोजले जाते ते गुणोत्तर. ही साधी व्यवस्था पुष्कळदा नकळत मोडली जाते. उदाहरणार्थ, अधिक विभेदनक्षमतेसाठी ‘एडीएस१११५’ हा १६ बिटचा स्वतंत्र रूपांतरक जोडतात. त्यात स्वतःचा अंतर्गत संदर्भदाब असतो. परिणामी यूएसबीचा दाब ५ व्होल्टपासून किंचित ढळला तरी चक्र फिरल्याचा भास होतो. अशा वेळी दुसऱ्या वाहिनीवर पुरवठ्याचा दाबही मोजून भागाकार करावा.

पोटेन्शिओमीटरच्या मधल्या टोकापासून भूतारेपर्यंत ०.१ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर जोडल्यास उच्च वारंवारतेचा गोंधळ कमी होतो. १० किलोओहमच्या पोटेन्शिओमीटरसह यामुळे होणारा विलंब जास्तीत जास्त पाव मिलिसेकंदाचा असतो, तो नगण्य होय. संवेदकाच्या तारा मोटरच्या तारांपासून वेगळ्या व पीळ देऊन न्याव्यात. मोटरचा पुरवठा स्वतंत्र असावा. जुनी, गंजलेली जोडणी पुन्हा डाग देऊन पक्की करणे हा उपाय क्षुल्लक भासला, तरी पावसाळ्यात दीर्घकाळ दमट हवा असणाऱ्या वनप्रदेशात सर्वप्रथम तोच करून पाहावा.

५.३ संगणकीय उपाय

एटीमेगा३२यू४ हा मायक्रोकंट्रोलर असलेला अर्डुइनो लिओनार्डो अथवा त्याचे लहान रूप संगणकास थेट खेळनियंत्रक म्हणून ओळख देऊ शकते. त्यामुळे जुन्या चक्रातील मूळ पट्टी काढून तिच्या जागी ते बसविता येते. त्यातील रूपांतरक १० बिटचा असून नेहमीच्या मांडणीत एका वाचनास सुमारे १०४ मायक्रोसेकंद लागतात.

अनेक वाचने घेऊन त्यांची बेरीज करण्याच्या पद्धतीने विभेदनक्षमता वाढविता येते. प्रत्येक अतिरिक्त बिटसाठी चौपट वाचने लागतात. १६ वाचनांतून दोन बिट अधिक मिळतात व १२ बिटचे मापन साध्य होते. यासाठी मूळ संकेतात सुमारे एका पायरीइतका यादृच्छिक गोंधळ असणे आवश्यक असते. संकेत पूर्णपणे स्थिर असेल, तर सोळाही वाचने सारखीच येतील आणि सरासरीतून नवी माहिती मिळणार नाही. थोडासा गोंधळ मापनास साहाय्यभूत होतो, ही बाब विद्यार्थ्यांना प्रथमदर्शनी विलक्षण वाटते. परंतु प्रयोगाने ती सहज पटविता येते.

या पद्धतीची किंमत वेळेच्या रूपाने चुकवावी लागते. १६ वाचनांना सुमारे १.७ मिलिसेकंद लागतात, तर २५६ वाचनांना सुमारे २६.६ मिलिसेकंद. सेकंदाला ५० मीटर वेगाने जाणारे वाहन तेवढ्या अवधीत सुमारे १.३ मीटर पुढे गेलेले असते. वाचन अधिक गुळगुळीत करण्याच्या नादात ते शिळे होत जाते. ‘एएस५६००’ मध्येही हीच देवघेव आहे. तिच्या संथ गाळणीत गोंधळ ०.०१५ अंशापर्यंत उतरतो, पण वाचन स्थिरावण्यास २.२ मिलिसेकंद लागतात. जलद गाळणीत गोंधळ ०.०४३ अंश होतो आणि काळ सुमारे ०.२९ मिलिसेकंद. यूएसबीच्या पूर्ण वेगाच्या जोडणीत संगणक दर मिलिसेकंदास वाचन मागू शकतो. तेव्हा एकूण विलंब काही मिलिसेकंदांच्या आत राहील इतकीच गाळणी योजणे श्रेयस्कर.

झिजलेल्या पोटेन्शिओमीटरच्या एकाकी उड्यांसाठी सरासरीपेक्षा मध्यक अधिक उपयुक्त ठरतो. तीन अथवा पाच वाचने क्रमाने लावून मधले निवडले, की एखादे भलतेच वाचन आपोआप वगळले जाते. सरासरीत मात्र ते सर्व वाचनांना आपल्याकडे ओढते.

खेळातील ‘डेड झोन’ ही सोय दोष झाकते, दूर करीत नाही. मध्यस्थितीच्या आसपासची वाचने शून्य मानल्याने वाहनाची थरथर थांबते, पण चालकाच्या सूक्ष्म हालचालीही नष्ट होतात. त्याचप्रमाणे कार्यप्रणालीतील अंशशोधनाने अरुंद कक्षा ताणून पूर्ण कक्षेवर पसरविली, तरी पायऱ्यांची संख्या वाढत नाही. केवळ त्यांच्यातील अंतर वाढते. मापनाच्या वेळी गमावलेली माहिती नंतरच्या कोणत्याही प्रक्रियेने परत मिळत नाही.

६. तपासणीची साधी पद्धत

सुधारणा झाली की नाही, हे ‘आता बरे वाटते’ एवढ्यावर ठरविणे शास्त्रीय नव्हे. महागड्या उपकरणांवाचून पुढील पद्धत अवलंबिता येते. वर्तुळाची त्रिज्या ५७.३ सेंटिमीटर असेल, तर एक अंशाचा कंस बरोबर १ सेंटिमीटर लांबीचा होतो. म्हणून चक्राच्या शाफ्टला त्या लांबीची हलकी, सरळ काडी बांधल्यास साध्या मोजपट्टीवर ०.१ अंशाचा बदल १ मिलिमीटर इतका दिसतो. शाफ्टवर लहान लेझर बसवून त्याचा ठिपका ५.७३ मीटर अंतरावरील भिंतीवर पाडल्यास ०.१ अंशास १ सेंटिमीटर मिळतो. शाळा-महाविद्यालयाच्या वर्गखोलीत एवढे अंतर सहज उपलब्ध असते. लेझरचा किरण डोळ्यांत जाणार नाही, याची दक्षता घ्यावी.

या मांडणीवर पाच चाचण्या घ्याव्यात.

१. चक्र स्थिर ठेवून शंभर वाचने घेणे. त्यांचे प्रमाण विचलन हे गोंधळाचे माप होय.
२. चक्र दूर नेऊन पुन्हा त्याच खुणेवर आणणे, असे वीस वेळा करणे. या वाचनांचे प्रमाण विचलन ही पुनरावृत्तीतील परिशुद्धता.
३. त्याच खुणेवर एकदा डावीकडून व एकदा उजवीकडून येणे. दोन वाचनांतील फरक ढिलाई दर्शवितो.
४. दर दहा अंशांवर वाचन घेऊन प्रत्यक्ष कोनाशी तुलना करणे. एका फेरीच्या ३६ फरकांची सारणी आज्ञावलीत ठेवून मधल्या कोनांसाठी प्रमाणाने दुरुस्ती करता येते.
५. चक्र अर्धा तास स्थिर ठेवून वाचन सरकते का, हे पाहणे. ही चाचणी सकाळी व भर दुपारी, तसेच शक्य असल्यास उन्हाळ्यात व पावसाळ्यात घ्यावी.

पहिल्या व दुसऱ्या चाचणीच्या निष्कर्षांत मोठी तफावत आढळल्यास दोष यांत्रिक असतो, विद्युत नव्हे. दोन्ही वाईट असल्यास आधी जोडणी व पुरवठा तपासावा. दोन्ही उत्तम, परंतु चौथी वाईट असल्यास सारणीने काम भागते. अशा रीतीने चाचण्यांचा क्रमच निदानाचा मार्ग दाखवितो.

७. शैक्षणिक उपयुक्तता

पदवी स्तरावरील भौतिकशास्त्र व इलेक्ट्रॉनिक्स यांच्या प्रयोगवहीत त्रुटींचे प्रकरण असतेच. परंतु ते बहुधा सूत्रांपुरते मर्यादित राहते. व्हर्निअरच्या वाचनात चूक झाली तर गुण कमी होतात, याहून तिचा परिणाम विद्यार्थ्यास जाणवत नाही. स्टिअरिंग चक्रात तीच चूक तत्काळ डोळ्यांना दिसते व हातांना जाणवते. प्रमाण विचलन निम्मे झाले की वाहन सरळ धावू लागते. शिवाय संवेदकबदलाचा खर्च नव्या चक्राच्या किमतीचा अल्प अंशच असतो, आणि बिघडलेले जुने चक्रही प्रयोगाचे साहित्य ठरते.

दरेकसा व तत्सम सीमावर्ती गावांतून तालुक्याच्या अथवा जिल्ह्याच्या ठिकाणी शिकण्यास येणाऱ्या विद्यार्थ्यांच्या दृष्टीने यास आणखी एक अर्थ आहे. बाहेरून आलेली वस्तू जशी आहे तशी स्वीकारण्याऐवजी ती मोजून, तपासून, सुधारता येते असा विश्वास त्यांच्यात निर्माण होणे हे प्रयोगशाळेचे खरे कार्य होय. सुतार रंधा मारल्यावर फळीवरून बोट फिरवून पाहतो. तशीच मापनाची जाण हातांत उतरावी लागते.

८. निष्कर्ष

१. स्टिअरिंग चक्राची गुणवत्ता केवळ संवेदकाच्या बिटसंख्येवर ठरत नाही. यंत्र, विद्युतजोडणी, रूपांतरक व आज्ञावली या साखळीतील सर्वात दुर्बळ कडी ती ठरविते.
२. झिजलेल्या पोटेन्शिओमीटरच्या जागी स्पर्शहीन चुंबकीय संवेदक थेट शाफ्टवर बसविणे हा धूळ, उष्णता व दमटपणा असलेल्या प्रदेशात सर्वाधिक टिकाऊ उपाय दिसून येतो.
३. गाळणी व सरासरी यांनी परिशुद्धता वाढते, परंतु विलंबाच्या मोबदल्यात. दोहोंचा समतोल साधावा लागतो.
४. ठरावीक त्रुटी सारणीने दूर करता येते. यादृच्छिक त्रुटी मात्र उगमापाशीच कमी करावी लागते.
५. मोजपट्टी, काडी व साधा लेझर एवढ्या साधनांनी एक दशांश अंशापर्यंतची तपासणी शक्य असल्याने हा प्रयोग कोणत्याही ग्रामीण महाविद्यालयास हाती घेता येईल.

सुधारणेपूर्वीच्या व नंतरच्या पाचही चाचण्यांच्या नोंदी शेजारी-शेजारी ठेवल्यास चक्रात प्रत्यक्षात काय बदलले हे वहीतच दिसते, आणि पुढील वर्षीच्या विद्यार्थ्यांना आपले काम तेथून पुढे नेता येते.